स्पर्शातून शुश्रूषा : मालीशची विद्या आणि बौद्ध परंपरा

१. प्रास्ताविक

अंग चोळणे, पाय चेपणे, कपाळ दाबणे, डोक्याला तेल घालणे या गोष्टी आपल्या घरांत इतक्या नेहमीच्या आहेत की त्यांत काही विद्या असेल असे कोणाला वाटत नाही. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालणारी बाई, नातवाच्या टाळूवर तेल थापणारी आजी, दिवसभर ओझी वाहून आलेल्या बापाच्या पाठीवर भिंतीला धरून पावले टाकणारे पोर, ही सर्व माणसे नकळत एक जुनी विद्या चालवीत आली आहेत. संस्कृतात तिला अंगमर्दन किंवा संवाहन म्हणतात. पाली ग्रंथांतही ‘परिमद्दन’ आणि ‘संबाहन’ हे शब्द आढळतात. आपण बोलताना मालीश म्हणतो.

या विद्येकडे पाहण्याच्या दोन चुकीच्या दृष्टी आपल्या समाजात रूढ आहेत. पहिली अशी की, दुसऱ्याचे अंग चोळणे हे हलके, चाकरमाणसाचे काम आहे. दुसरी अशी की, अमुक बिंदू दाबला म्हणजे मधुमेहापासून पक्षाघातापर्यंत सर्व रोग बरे होतात. पहिली दृष्टी जातीच्या उतरंडीतून आली आहे. दुसरी अज्ञानातून, आणि पुष्कळदा धंद्यातून आली आहे. बौद्ध परंपरेत मात्र रुग्णाला हात लावणे हे कर्तव्य मानले गेले आणि तो हात कसा लावावा याचा अभ्यासही झाला. कर्तव्य आणि अभ्यास या दोन्ही अंगांनी या विषयाची ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. स्पर्श नाकारला जातो तेव्हा

स्पर्शाचे मोल आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. ज्यांचा स्पर्शच नव्हे तर सावलीही विटाळ मानली गेली, त्यांना ते ठाऊक आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लिखाणात काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत दिली आहे. या शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’मध्ये छापून आले होते. त्याची पत्नी बाळंतपणानंतर दोनच दिवसांत आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हते. रुग्णाला वस्तीबाहेर आणावे या अटीवर ते आले. त्यांनी थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याकडे दिला, नवऱ्याने पत्नीला लावला आणि त्याच क्रमाने तो परत गेला. डॉक्टरांनी दिव्याच्या उजेडात पारा पाहून न्यूमोनिया असल्याचे सांगितले. पुढे प्रकृती बिघडली तेव्हा ते पुन्हा आले नाहीत आणि ती स्त्री मरण पावली.

या प्रसंगात औषध होते, उपकरण होते, शिकलेला डॉक्टर होता. एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे रुग्णाच्या नाडीवर आणि छातीवर ठेवलेला हात. वैद्यकातील पहिले साधन हात हेच आहे. हात मागे घेतला की बाकीचे सारे निरुपयोगी ठरते, हे या एका मृत्यूवरून कळते.

याच्या उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. महाराष्ट्रातील अनेक गावांत सुईणीचे काम महार-मांग समाजातील स्त्रिया करीत असत. जिच्या हातांनी वरच्या आळीतील मूल जगात आले, तिलाच त्या घराच्या पाणवठ्यावर मज्जाव होता. म्हणजे गरज असेल तेव्हा स्पर्श चालत होता, मान देण्याची वेळ आली की तोच विटाळत होता. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. परंतु हाताने केलेली सेवा म्हणजे हलके काम, ही समजूत कायद्याने जात नाही. ती विचाराने घालवावी लागते.

३. पाली वाङ्मयातील स्पर्शसेवा

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसिद्ध प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन आपल्याच मलमूत्रात पडलेला होता. तथागत आनंदासह विहारातील निवासस्थाने पाहत फिरत असता तेथे आले. तुझी शुश्रूषा कोणी करीत नाही काय, असे त्यांनी विचारले. तो इतर भिक्खूंच्या उपयोगी पडत नाही म्हणून कोणी पाहत नाही, असे उत्तर मिळाले. तेव्हा तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. मग तथागतांनी डोक्याकडून आणि आनंदाने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले. त्यानंतर संघाला एकत्र करून त्यांनी समज दिली की, तुमची काळजी घ्यायला येथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली पाहिजे. ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तथागतांच्या माणुसकीचे वर्णन करताना हा प्रसंग आवर्जून घेतला आहे.

याच प्रकरणात चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. विद्यार्थ्यांनी ते लक्षात ठेवावेत :

(१) त्याला औषध तयार करता येते.
(२) रुग्णाला काय मानवते आणि काय मानवत नाही हे त्याला कळते. तो मानवेल तेच देतो.
(३) तो मैत्रीच्या भावनेने सेवा करतो, लाभाच्या आशेने करीत नाही.
(४) मलमूत्र, थुंकी, ओकारी यांची त्याला किळस वाटत नाही.
(५) योग्य वेळी धम्माच्या गोष्टी सांगून तो रुग्णाला धीर देऊ शकतो.

यातील दुसरा गुण ज्ञानाचा आहे, तिसरा भावनेचा आहे. केवळ दया असून भागत नाही, काय मानवते हे कळावे लागते. पुढे दाबाच्या पद्धती पाहताना या दुसऱ्या गुणाचा आपल्याला वारंवार उपयोग होईल.

संयुत्तनिकायातील जरासुत्तात याहूनही साधा प्रसंग आहे. सावत्थीच्या पूर्वारामात वृद्ध झालेले तथागत सायंकाळी पश्चिमेच्या उन्हात पाठ शेकत बसले आहेत. आनंद जवळ येतो, हाताने त्यांचे अंग चोळतो आणि म्हणतो की कातडीचा पूर्वीचा तेजस्वी वर्ण राहिला नाही, अवयव सैल पडले, सुरकुत्या आल्या, शरीर पुढे झुकले. तथागत ते मान्य करतात. तारुण्यात जरा आणि आरोग्यात व्याधी दडलेलीच असते, असे समजावतात. येथे चमत्कार कोठेही नाही. एक वृद्ध शरीर आहे आणि त्यावरून फिरणारा एक आपुलकीचा हात आहे. त्या हातालाच जरेचे सत्य प्रथम कळले, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

जीवक कोमारभच्च या वैद्याची कथा महावग्गात विस्ताराने येते. राजगृहातील सालवती नावाच्या गणिकेने जन्मतः टाकून दिलेले हे मूल राजपुत्र अभयाने वाढविले. तक्षशिलेला सात वर्षे शिकून तो राजा बिंबिसाराचा आणि भिक्खुसंघाचा वैद्य झाला. तथागतांना रेचक देण्यापूर्वी त्याने आनंदाला सांगितले की, काही दिवस त्यांच्या शरीराला तेल-तूप लावून अंग स्निग्ध करावे. म्हणजे औषधापूर्वी अंग मऊ करण्याची क्रिया तेव्हाही उपचाराचा भाग होती.

विनयाने या बाबतीत मर्यादाही घातल्या आहेत. चुल्लवग्गात स्नानाच्या वेळी हाताने पाठ चोळण्यास मुभा दिली आहे. परंतु दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात चैनीसाठी अंग रगडून घेणे हे श्रमणाने टाळावयाच्या गोष्टींत मोजले आहे. विकाराने केलेला स्पर्श हा तर संघादिसेस म्हणजे गंभीर अपराध ठरतो. हाताची क्रिया तीच, पण हेतू बदलला की तिचे मोल बदलते, हा यातील बोध आहे. मालीश शिकणाऱ्याने हा पहिला धडा समजावा.

४. वाट फो : दगडावर कोरलेली विद्या

धम्म ज्या देशांत गेला तेथे भिक्खूंबरोबर वैद्यकही गेले आणि स्थानिक विद्येत मिसळले. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण थायलंडमध्ये पाहावयास मिळते. १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने अयुथ्या ही राजधानी उद्ध्वस्त केली, तेव्हा तेथील वैद्यकाचे अनेक ग्रंथ नष्ट झाले. पुढे बँकॉक ही राजधानी झाल्यावर राजा तिसरा राम याने राजवाड्याशेजारील वाट फो या विहाराचा जीर्णोद्धार केला. १८३१ पासून पुढच्या काळात त्याने उरलीसुरली विद्या गोळा करून तेथील भिंतींवर व खांबांवर शिलालेखांच्या रूपाने बसविली. त्यांत वैद्यक, काव्य, इतिहास, नीती असे विषय आहेत. मालीशसाठी साठ फलक आहेत. त्यांवर मानवी देहाच्या पुढच्या व मागच्या बाजूच्या आकृत्या कोरून कोठे दाबावे आणि कोणत्या दुखण्यावर दाबावे हे दाखविले आहे.

ग्रंथ जळू शकतो, तो एखाद्याच्या कपाटात अडकून राहू शकतो; विहाराच्या भिंतीवरील लेख मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला वाचता येतो. विद्या लपवून ठेवण्याऐवजी ती सर्वांसाठी उघडी करणे हा विचार आपल्याला विशेष जवळचा वाटावा असा आहे. युनेस्कोने २०११ मध्ये या शिलालेखांची नोंद जागतिक स्मृतीच्या यादीत केली आणि २०१९ मध्ये ‘नुआद थाई’ म्हणजे थाई मालीशला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. वाट फोच्या आवारात १९५५ मध्ये पारंपरिक वैद्यकाची शाळा सुरू झाली.

थाई लोक जीवकाला आपल्या मालीशचा आद्य गुरू मानतात आणि काम सुरू करण्यापूर्वी त्याला वंदन करतात. पाली ग्रंथांत जीवकाची कीर्ती औषधे आणि शस्त्रक्रिया यांसाठी आहे. दाबाची पद्धत त्याने रचली असा उल्लेख तेथे नाही. म्हणून या वंदनाकडे गुरुपरंपरेचा आदर म्हणून पाहावे, ऐतिहासिक पुरावा म्हणून पाहू नये.

या पद्धतीत तेल लावीत नाहीत. रुग्ण सैल कपडे घालून जमिनीवरील गादीवर झोपतो. सुरुवात पायांपासून होते. अंगठे, तळहात, कोपर, गुडघा आणि पाऊल यांनी दाब दिला जातो आणि हात-पाय वाकवून, ओढून ताण दिला जातो. दाब क्रमाक्रमाने ‘सेन’ नावाच्या रेषांवरून पुढे नेतात. मुख्य सेन दहा असून त्या बेंबीजवळून निघतात असे मानतात. त्यांतील ‘इत्था’ आणि ‘पिंखला’ ही नावे आपल्या योगग्रंथांतील इडा आणि पिंगला यांचीच रूपे आहेत, यावरून भारताशी असलेला संबंध दिसतो. राजघराण्यासाठी वेगळी रीत होती. तीत केवळ अंगठे व तळहात वापरीत आणि अंतर राखून बसत. सामान्यांच्या रीतीत कोपर, गुडघे, पाय सर्व चालत. १६८७ मध्ये सयामला गेलेला फ्रेंच राजदूत ला लुबेर याने तेथे जाणकार माणूस रुग्णाच्या अंगावर चढून पायांनी तुडवितो, असे नोंदवून ठेवले आहे. आपल्याकडे कष्टकऱ्यांच्या घरांत पोराकडून पाठ तुडवून घेतात, त्याचीच ही शास्त्रशुद्ध बहीण म्हणावी.

५. दाबाच्या मुख्य पद्धती

देश कोणताही असो, हाताच्या क्रिया मोजक्याच आहेत. त्या आपल्या भाषेतील क्रियापदांनीच चांगल्या समजतात.

चोळणे : पूर्ण तळवा टेकवून लांब, सावकाश हात फिरवणे. हातापायांवर दिशा टोकाकडून हृदयाकडे ठेवतात. सुरुवात आणि शेवट यानेच करावा. यामुळे कातडी व स्नायू उबदार होतात आणि कोठे गाठ आहे, कोठे दुखते हे हाताला कळते.

मळणे : कणीक मळतात तसे स्नायू बोटे व तळवा यांमध्ये धरून उचलणे आणि सोडणे. खांदे, पिंढऱ्या, मांड्या अशा मांसल जागी हे करावे. हाडावर करू नये.

दाबणे किंवा चेपणे : एका जागी अंगठा किंवा तळवा ठेवून हळूहळू भार देणे, क्षणभर थांबणे आणि तितक्याच हळू सोडणे. थाई पद्धतीचा आणि जपानी शिआत्सूचा कणा हाच आहे.

रगडणे : एकाच लहान जागी बोटाने गोल किंवा आडवे घासणे. जुन्या, बसलेल्या दुखण्यावर याचा उपयोग करतात. पण जास्त केल्यास कातडी सोलते.

थोपटणे : ओंजळीसारखा हात करून हलके ठोके देणे.

ताण देणे : सांधा त्याच्या नैसर्गिक हालचालीच्या मर्यादेपर्यंत नेऊन थांबणे. मर्यादेपलीकडे झटका देणे हा ताण नव्हे, ती इजा आहे.

या सर्वांत दाबण्याची कला शिकायला कठीण आहे, कारण तेथे शक्तीपेक्षा संयम लागतो. नवशिका माणूस अंगठ्याच्या टोकाने, मनगटाच्या जोरावर दाबतो. त्यामुळे रुग्णाला टोचते आणि दाबणाऱ्याचाच अंगठा दुखू लागतो. जाणता माणूस अंगठ्याचा सपाट भाग टेकवतो, हात कोपरात सरळ ठेवतो आणि शरीर पुढे झुकवून भार देतो. रुग्ण श्वास सोडतो त्या वेळी दाब वाढवावा, कारण तेव्हा स्नायू सैल असतात. पाच-सहा सेकंद थांबून सोडावे. दाब पुरेसा झाला की माणूस ‘बरं वाटतंय’ म्हणतो. जास्त झाला की तो काही न बोलता श्वास रोखतो, पाय आखडतो, कपाळाला आठी घालतो. तोंडापेक्षा शरीर लवकर बोलते. ते ऐकणे म्हणजेच ही विद्या.

६. विज्ञान काय सांगते

ठेच लागली की आपण नकळत ती जागा चोळतो आणि दुखणे थोडे कमी वाटते. याचे स्पष्टीकरण रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडले. वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत जणू एक फाटक असते. स्पर्शाचे व दाबाचे संदेश जोराने आले की ते फाटक काही प्रमाणात लोटले जाते आणि वेदनेचा संदेश कमी पोहोचतो. पुढील संशोधनाने या मांडणीत सुधारणा केल्या, पण मूळ कल्पना उपयोगी ठरली. दाब पडल्यावर पेशीच्या पडद्यातील काही विशिष्ट प्रथिने उघडतात आणि मज्जातंतूला संदेश मिळतो, हे अर्डेम पटापुटियन यांनी दाखविले. उष्णतेच्या संवेदनेवर काम करणारे डेव्हिड ज्युलियस यांच्यासह त्यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे स्पर्श ही केवळ भावनेची गोष्ट नाही, त्याला शरीरात यंत्रणा आहे.

मग मालीशने रोग बरे होतात काय? येथे सावध उत्तर द्यावे लागते. कंबरदुखीवरील मालीशच्या २५ चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने २०१५ मध्ये एकत्रित आढावा घेतला. त्यात जुनाट कंबरदुखीत थोड्या काळापुरता आराम दिसला, पण पुराव्याचा दर्जा कमी असल्याचे स्पष्ट नमूद केले गेले. तेव्हा मालीशने ताठरलेले स्नायू सैल होतात, मन शांत होते, झोप लागण्यास मदत होते, दुखणे काही काळ हलके होते, इतके म्हणावे. मालीशने चरबी वितळते, शरीरातील विष निघून जाते, मधुमेह जातो, या दाव्यांना आधार नाही. सेन किंवा नाड्यांच्या रेषाही शवविच्छेदनात नळीसारख्या सापडत नाहीत. अनुभवाने आखलेला तो एक नकाशा आहे, असे समजून त्याचा उपयोग करावा.

अमेरिकेत १९७२ च्या सुमारास ‘उपचारक स्पर्श’ या नावाची एक पद्धत पुढे आली. तीत नाव स्पर्शाचे असले तरी हात शरीरापासून काही अंतरावरून फिरवितात आणि रुग्णाभोवतीची ऊर्जा हाताला जाणवते असे सांगतात. एका नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी साधा प्रयोग केला. मध्ये पडदा ठेवला, जाणकाराचे दोन्ही हात पडद्यापलीकडे घेतले आणि आपला हात त्यांपैकी कोणत्या हातावर धरला आहे हे ओळखायला सांगितले. २१ जाणकारांच्या २८० प्रयत्नांपैकी १२३ बरोबर आले, म्हणजे ४४ टक्के. नाणे उडविले असते तरी इतके आले असते. हा प्रयोग १९९८ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ऐकीव गोष्ट, परंपरा किंवा गुरूचा अधिकार एवढ्यावरून काही मानू नये, स्वतः पारखून घ्यावे, ही कालामसुत्ताची शिकवण त्या मुलीने प्रत्यक्षात आणली, असेच म्हटले पाहिजे.

७. कोठे थांबावे

शुश्रूषकाचा दुसरा गुण येथे कामी येतो. पुढील प्रसंगी मालीश करू नये, आधी डॉक्टरांना दाखवावे :

(१) एकाच पायाची पिंढरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल, विशेषतः बरेच दिवस अंथरुणावर पडून राहिल्यानंतर. आत रक्ताची गुठळी असू शकते; चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.
(२) ताप, ताजी जखम, भाजलेली जागा, कातडीचा संसर्ग.
(३) हाड मोडल्याची शंका, वयामुळे ठिसूळ झालेली हाडे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया.
(४) रक्त पातळ करणारी औषधे चालू असणे.
(५) मधुमेहाने बधिर झालेले पाय. अशा रुग्णाला दाब जास्त झाला तरी कळत नाही.
(६) कर्करोगाचा रुग्ण आणि गरोदर स्त्री. यांना डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हात लावावा.
(७) कंबरदुखीबरोबर पायातील शक्ती जाणे किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे. अशा वेळी लगेच रुग्णालय गाठावे. छातीत दुखत असताना छाती-पाठ चोळीत बसणे हेही जिवावर बेतू शकते.

गळ्याची पुढची बाजू, काख, जांघ आणि गुडघ्यामागची लवण येथे मोठ्या रक्तवाहिन्या व मज्जातंतू वरच असतात. तेथे दाबू नये. पाठीच्या मणक्यावर थेट भार देऊ नये. केस कापल्यावर मान ‘मोडून’ घेण्याची सवय अनेकांना आहे. मानेला दिलेल्या झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याचे वैद्यकीय अहवाल आहेत. ही सवय आजच सोडावी.

८. घरच्या घरी : वृद्धांचे पाय

प्रस्तुत लेखकाला बँकेच्या काउंटरवर निवृत्तिवेतनाच्या दिवशी कित्येक वृद्धांचा अंगठा हाताने धरून शाईच्या पॅडवर टेकवावा लागतो. घट्ट झालेला तळवा, वाकडी पडलेली बोटे, सुजलेले सांधे हाताला लागतात. आपल्या मागच्या पिढीने गिरणीत, बांधकामावर, रेल्वेच्या रुळांवर, सफाईच्या कामात शरीर झिजविले, म्हणून आपण खुर्चीवर बसलो. त्यांच्या औषधाचे पैसे आपण देतो; हात लावायला मात्र वेळ नसतो. म्हणून घरातील मुला-मुलींनी पुढील साधा क्रम शिकून घ्यावा.

प्रथम विचारावे आणि होकार मिळाल्यावरच सुरू करावे. वडीलधाऱ्यांनाही संकोच असतो. नखे कापलेली असावीत, हात धुऊन उबदार करावेत, अंगठी-घड्याळ काढावे. दुखरी जागा, औषधे, आजार यांची चौकशी करावी. त्यांना पलंगावर किंवा सतरंजीवर निजवून गुडघ्याखाली उशी द्यावी. कोमट खोबरेल किंवा तिळाचे तेल थोडेसे घ्यावे. कपड्यावरून करावयाचे असेल तर तेलाची गरज नाही.

दोन्ही तळव्यांनी पाऊल काही क्षण नुसते धरावे. नंतर अंगठ्यांनी तळपायाच्या मध्यापासून बोटांकडे हळूहळू दाबत जावे. प्रत्येक बोट हलके ओढून सोडावे. घोट्याभोवती गोल चोळावे. पिंढरीवर तळव्याने खालून वर चोळत जावे, मग सावकाश मळावे. गुडघ्याच्या वाटीवर भार देऊ नये, तिच्या कडेकडेने बोटे फिरवावीत. मांडीवर तळव्याने दाबत वर जावे, जांघेच्या आधी थांबावे. एका पायाला सात-आठ मिनिटे पुरेत. शेवटी पुन्हा तळवे टेकवून थांबावे. पाठ दाबावयाची असल्यास मणक्याच्या दोन्ही बाजूंना दोन बोटे अंतर सोडून तळव्याने दाबावे.

काम चालू असताना दूरदर्शन बंद ठेवावा आणि मोबाईल दूर ठेवावा. बोलावेसे वाटले तर त्यांना बोलू द्यावे. पाचवा गुण येथे आपोआप साधतो. फरक इतकाच की पुष्कळदा धीराच्या गोष्टी तेच आपल्याला सांगतात. मुलींनीच किंवा सुनांनीच हे करावे अशी वाटणी करू नये. आनंद आणि तथागत यांनी त्या आजारी भिक्खूला उचलले तेव्हा अशी वाटणी नव्हती.

९. समारोप

कपिलवस्तूचा उपालि हा न्हावी होता. शाक्य राजपुत्रांबरोबर तो प्रव्रज्येसाठी आला तेव्हा राजपुत्रांनी स्वतःच विनंती केली की, आमचा अभिमान गळावा म्हणून उपालीला आधी प्रव्रज्या द्यावी. त्यामुळे राजपुत्रांना त्याच्यापुढे वाकावे लागले आणि पुढे तोच विनयातील अग्रगण्य थेर ठरला. ज्या हातांनी लोकांची अंगे स्वच्छ केली ते हात हलके नव्हते, हे संघाने मान्य केले.

५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीच्या अलीपूर रोडवरील निवासस्थानी थकलेल्या बाबासाहेबांचे पाय दाबून देण्याची आणि डोक्याला तेल लावण्याची सेवा नानकचंद रत्तू यांनी केली. ती बाबासाहेबांची अखेरची रात्र होती. त्या सेवेला आपण कोणी चाकरी म्हणणार नाही. मग तशीच सेवा आपल्या घरातील थकलेल्या माणसाची करताना कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

आपल्या संस्थेच्या युवक-युवतींनी प्रथमोपचाराच्या वर्गाबरोबर ही विद्याही जाणकार फिजिओथेरपिस्टकडून रीतसर शिकून घ्यावी. प्रत्येक वस्तीतील एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी करून आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे जावे. ज्या समाजाचा स्पर्श नाकारला गेला, त्याने इतरांना स्पर्शातून दिलासा द्यावा, यापेक्षा धम्माचे अधिक चांगले आचरण कोणते?

जय भीम! नमो बुद्धाय!

अभ्यासासाठी प्रश्न

(१) चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगा. मालीश करताना त्यांतील दुसरा गुण कसा उपयोगी पडतो?
(२) मालीशची विद्या वाट फो येथे शिलालेखांत कोरल्यामुळे काय साधले?
(३) चोळणे, मळणे आणि दाबणे यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करा.
(४) कोणत्या पाच प्रसंगी मालीश टाळावी? कारणे द्या.
(५) १९९८ मधील प्रयोगात पडदा का ठेवला होता? त्यातून कोणता निष्कर्ष निघतो?
(६) आपल्या घरातील एका वृद्ध व्यक्तीला विचारून तिचे पाय दाबा. दाब कमी-जास्त झाल्याच्या कोणत्या खुणा तुम्हाला दिसल्या ते वहीत लिहा.